गाडीची फिर्याद वाचणारे यंत्र

सिंदफणेवरील माजलगाव धरणाच्या पाण्याने ज्या शिवारात ऊस वाढविला, आणि ज्या गावातून कल्याण-निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ पाथरी-परभणीच्या दिशेने पुढे जातो, त्या माजलगावात मोटारदुरुस्तीच्या धंद्यावर अनेकांची चूल अवलंबून असते. दसरा उलटताच बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि त्यांचा ट्रक वा ट्रॅक्टर ऐन हंगामात बंद पडला, तर मुकादमाने दिलेली उचल आणि मजुरांची रोजी ही दोन्ही एकदमच अडकून पडतात. अशा मुलखात आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून स्वतःचे गॅरेज थाटू पाहणाऱ्या तरुणाला आज पान्यांच्या संचाइतकीच निकड भासते ती गाडीच्या संगणकातील बिघाडाचे संकेतांक वाचणाऱ्या स्कॅनरची. आणि कोणता स्कॅनर घ्यावा, या प्रश्नावर त्याची वर्षभराची मिळकत पणाला लागू शकते.

या यंत्राचे मूळ कायद्यात आहे. कॅलिफोर्निया राज्याने हवेच्या प्रदूषणावर उपाय म्हणून गाडीने आपल्या धूरनियंत्रणाची देखरेख स्वतःच करावी असा दंडक घातला. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व मोटारींना गाडीतल्या गाडीत निदान करणारी ओबीडी-दोन ही समान पद्धत बंधनकारक झाली. आपल्याकडे भारत स्टेज-चार मानकांबरोबर २०१० मध्ये ओबीडीचा पहिला आणि २०१३ मध्ये दुसरा टप्पा आला, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-सहा लागू झाल्यावर अनेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी आणि चालक ज्याला सरसकट युरिया म्हणतात ते द्रावण, अशी नवी बिऱ्हाडे येऊन बसली. ते द्रावण संपले किंवा भेसळीचे निघाले, की गाडीचा संगणक ठरवून इंजिनाची ताकद कमी करतो. हे दुखणे कानाने ऐकू येत नाही, हाताला लागत नाही. डॅशबोर्डाखालच्या सोळा पिनांच्या जोडणीला स्कॅनर लावल्याखेरीज त्याचा नेमका पत्ता लागत नाही.

परंतु स्कॅनरच्या पडद्यावर उमटणारा संकेतांक ही फिर्याद आहे, फैसला तपासाअंतीच होतो, हे नव्या मिस्त्रीने मनाशी पक्के धरले पाहिजे. पी००८७ हा संकेतांक घ्या. इंधनाच्या रेलमधील दाब कमी आहे, एवढेच तो सांगतो. पण तो दाब डिझेल फिल्टर तुंबल्याने कमी झाला, नळीत हवा शिरल्याने, पंप झिजल्याने, इंजेक्टरांतून जादा डिझेल परतीच्या वाटेने वाहून गेल्याने, की सेन्सरच खोटी साक्ष देत असल्याने, याविषयी तो मौन पाळतो. ज्या स्कॅनरवर संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब हे दोन आकडे इंजिन चालू असताना शेजारी-शेजारी पाहता येतात, तो तपासाला खरा उपयोगी. आणि तरीही परतीच्या नळ्या काढून प्रत्येक इंजेक्टरखाली बाटली लावून पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते. चार इंजेक्टर पंपवाल्याकडे पाठविण्याआधी फिल्टर बदलून पाहणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचवितो, आणि गिऱ्हाईक हे विसरत नाही.

मोबाइलला ब्लूटूथने जोडण्याचे स्वस्त डोंगल इंजिनाचे संकेतांक दाखवितात आणि पुसतात, पण एबीएस, एअरबॅग किंवा काजळीच्या गाळणीपर्यंत सहसा त्यांचा हात पोहोचत नाही. याउलट पन्नास-साठ कंपन्यांची चिन्हे मिरविणारी महागडी टॅब्लेट यंत्रे पाहून तरुण भारावतो; त्यांतील निम्म्या विलायती गाड्या माजलगावच्या रस्त्यावर कधी फिरकणारही नाहीत. माझे मत स्पष्ट आहे: आपल्या दारात येणाऱ्या बोलेरो, पिकअप, छोटे मालवाहू टेम्पो आणि मारुती या चार-पाच घराण्यांत जे खोलवर शिरते, नवा इंजेक्टर बसविल्यावर त्याचा क्रमांक संगणकात नोंदवू देते, गाळणीतील काजळी उभ्या गाडीत जाळण्याचा हुकूम देऊ शकते, तेच यंत्र घ्यावे. मोठ्या ट्रकचे काम करावयाचे असेल तर चोवीस व्होल्ट आणि ट्रकांची जे१९३९ ही भाषा त्याला पेलते का, हे आधी विचारावे. आणि ज्याच्या अंगणात मुख्यतः ट्रॅक्टरच येतात, त्याने थांबावे हे उत्तम. कारण नवी ट्रेम-चार मानके जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांनाच लागू झाली, आणि त्याखालच्या असंख्य ट्रॅक्टरांचा जुना यांत्रिक पंप कोणत्याही संगणकाला जबाबदार नाही.

वाचलेल्या पैशातून एक चांगला मल्टिमीटर घ्यावा. त्याच सोळा पिनांच्या जोडणीच्या सहाव्या आणि चौदाव्या पिनेमध्ये, बॅटरी सोडवून, साठ ओहमच्या आसपास रोध मिळाला तर संगणकांना जोडणारी मुख्य तारजोडी बहुधा शाबूत आहे. एकशे वीस मिळाला तर एका टोकाचा रोधक तुटला आहे किंवा मध्येच तार तुटली आहे, आणि उंदरांच्या या मुलखात ते नवल नव्हे. स्कॅनर गाडीशी बोलेनासा होतो तेव्हा हाच मीटर मार्ग दाखवितो.

या सगळ्यात एक अन्याय आहे, आणि तो बोलून दाखविला पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. पुढे अपिले झाली. परंतु रस्त्याकडेच्या मिस्त्रीलाही सुटे भाग आणि निदानाची साधने मिळाली पाहिजेत, हे तत्त्व त्या निकालाने लेखी नोंदविले, आणि तालुक्याच्या गावी त्याचे मोल शहरापेक्षा अधिक आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटर दूरच्या शहरात असेल, तर टो करून नेण्याचा खर्चच दुरुस्तीहून जड होतो.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला आपल्या गॅरेजात बोलवावे, नेहमीच्या गिऱ्हाइकाची गाडी उभी करावी आणि तिच्यावर ते काम प्रत्यक्ष करून दाखवावयास सांगावे. कागदावरील यादीवर विसंबू नये. अपडेटची मुदत किती, ती संपल्यावर यंत्र चालू राहते की कुलूपबंद होते, आणि वर्षाचे शुल्क किती, हे लेखी घ्यावे. ही मुदत बहुधा यंत्र प्रथम सुरू केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून ते गणपतीच्या सुमारास, हंगामापूर्वीच्या दुरुस्त्यांची गर्दी लागताना सुरू करावे, म्हणजे त्याच अपडेटवर एप्रिलमध्ये परतणाऱ्या गाड्यांचेही काम निघते.