उचल आणि विमानाचं तिकीट

पाऊस हुकला की गरीब माणूस परदेश गाठतो, असं वाटतं खरं. पण तिकिटाला पैसा लागतो आणि दुष्काळ आधी तोच खातो. नेवासा तालुक्यात भेंडे, सोनईच्या साखर कारखान्यांसाठी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांत बीड, पाथर्डीकडची कोरडवाहू कुटुंबं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक ‘कोयता’. उचल फिटेना, तिथं आखात कुठलं? जागतिक बँकेच्या २०२१च्या अहवालानुसार, हवामानबदलामुळे २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाख लोक स्थलांतर करू शकतात, आणि तेही आपापल्या देशातच. देशाबाहेर पडतात ते बहुधा विकायला थोडी जमीन असलेले.