स्मृतिपदके : युद्धपूर्व राजनयाचा आरसा

तहाची कलमे कागदावर असतात. परंतु त्या तहाविषयी जनमानसात कोणती प्रतिमा रुजावी, हे राज्यकर्ते पदकांतून व चित्रांतून ठरवतात. म्हणून स्मृतिपदक हे केवळ स्मरणचिन्ह नसून राजनयाचे साधनही असते. टिल्सिटच्या तहाच्या उदाहरणावरून आपण हे समजून घेऊ.

पार्श्वभूमी

जून १८०७ मध्ये फ्रीडलंड येथे नेपोलियनने रशियन सैन्याचा पराभव केला. २५ जून रोजी नेपोलियन आणि झार अलेक्झांडर पहिला हे नेमन नदीच्या मध्यभागी एका तराफ्यावर भेटले. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याला त्या दिवशी काठावरच थांबावे लागले. जुलैमधील तहांनुसार प्रशियाला आपला सुमारे निम्मा प्रदेश गमवावा लागला आणि रशिया इंग्लंडविरुद्धच्या व्यापारबंदीत ओढला गेला.

पदकातील प्रतिमा

त्या काळी पॅरिसच्या पदक-टांकसाळीवर व्हिव्हाँ दनों याची देखरेख होती. तेथील तहाच्या पदकावर एका बाजूस तिन्ही राजांची मुखे शेजारी शेजारी कोरलेली आहेत, तर दुसऱ्या बाजूस नेमन नदी देवतेच्या रूपात पहुडलेली आहे. काठावर ताटकळलेला राजा येथे इतर दोघांच्या पंक्तीला बसला आहे. त्याने गमावलेल्या प्रदेशाची मात्र कोठेही खूण नाही. १८०८ मध्ये अडोल्फ रोएन याने तराफ्यावरील भेटीचे चित्र रंगवले. त्याच वर्षी नेपोलियनने झारला सेव्र येथील चिनी मातीचा, इजिप्तच्या दृश्यांनी सजवलेला भोजनसंच भेट दिला. मैत्रीचे प्रदर्शन असे चहूबाजूंनी चालू होते.

प्रतिमा आणि वास्तव

व्यापारबंदीमुळे रशियाचे नुकसान होत होते. १८१० च्या अखेरीस अलेक्झांडरने फ्रेंच मालाला जाचक ठरणारे जकातधोरण जाहीर केले. २४ जून १८१२ रोजी नेपोलियनच्या सैन्याने नेमन ओलांडण्यास आरंभ केला. पदकावर शांततेची साक्षीदार असलेली नदीच आक्रमणाची वाट ठरली. पुढे मॉस्को-प्रवेशाच्या स्मरणार्थही फ्रान्समध्ये पदक पाडण्यात आले.

निष्कर्ष

अशा पदकाला सरसकट खोटे ठरवणे योग्य नाही. काय घडले याविषयी ते अपुरा पुरावा देते; परंतु काय घडल्याचे भासवायचे होते, याचा तो अस्सल पुरावा असतो. म्हणून पदक कोणी पाडले, केव्हा पाडले आणि त्यातून काय वगळले, हे तीन प्रश्न अभ्यासकाने नेहमी विचारावेत.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. टिल्सिटच्या पदकातून कोणते वास्तव वगळले गेले?
२. ‘स्मृतिपदक हे राजनयाचे साधन असते’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.