घरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणाऱ्यांनी पाळीव कुत्र्याला साखळीशिवाय बाहेर सोडू नये. वाहनांचा धोका तर आहेच, शिवाय भटक्या कुत्र्यांशी भांडण झाले तर रेबीजचा. एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. लस मात्र तो टाळते. पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी, वर्षभराने पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. मांजरालाही ती हवीच. कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो या आजाराची लस त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती आपल्या औषधांच्या डब्याची. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ते पचवून निरुपद्रवी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते. हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, धाप लागली, तर क्षणही न घालवता पशुवैद्य गाठा. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त औषधही मांजराला विषारी असते.

कांदा-लसूण घातलेली भाजी, द्राक्षे, मनुका, चॉकलेट दोघांनाही वर्ज्य. जंतांचे औषध वजनानुसार, डॉक्टरांना विचारूनच.

आणि कुत्रा किंवा मांजर चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.