चित्रकथेतील काळ : पिंगुळी आणि कोरिया

कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत सुट्या चित्रांची ‘पोथी’ असते. निवेदक एकेक चित्र दाखवीत वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गातो. कोणत्या चित्रावर किती वेळ थांबावयाचे, हे तोच ठरवितो. कोरियन चित्रकथेत, म्हणजे ‘मान्ह्वा’त, विशेषतः २००० नंतर रुळलेल्या ‘वेबटून’ या प्रकारात, चित्रे पडद्यावर एकाखाली एक येतात. दोन चित्रांमधील मोकळी जागा कथेची गती नियंत्रित करते. निवेदकाचे हे कार्य तेथे रचनेतच सामावलेले असते. पिंगुळीत मात्र ते गायकाच्या मुखी राहते. त्यामुळे केवळ चित्रे संग्रहालयात जपणे पुरेसे नाही. गायिलेली संहिता ध्वनिमुद्रित व लिपिबद्ध न झाल्यास साहित्याभ्यासकाच्या हाती निम्मीच कृती उरेल.