रॅममधला डेटाबेस: समजुती आणि वस्तुस्थिती

डेटाबेसमधील माहिती प्रत्यक्ष कोठे व कशी मांडली जाईल, ती कशी शोधली जाईल आणि बिघाडानंतर कशी सावरली जाईल, हे ठरवणाऱ्या भागास स्टोरेज इंजिन म्हणतात. या इंजिनाविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ एकाच समजुतीत सापडते: मेमरी म्हणजे केवळ अधिक वेगवान डिस्क, त्यामुळे डिस्कसाठी घडवलेली प्रणाली पुरेशा रॅमच्या यंत्रावर चढवली की मेमरीतला डेटाबेस तयार झाला.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार पडद्यावरून सुरू झाले. या बाजाराच्या ‘नीट’ या प्रणालीत प्रतिसादाचा वेळ किमान राहावा म्हणून सर्व्हरवरील व्यवहारांची माहिती मेमरीतील डेटाबेसात ठेवण्याची रचना स्वीकारली गेली. त्यामागचे कारण उघड आहे. खरेदी-विक्रीच्या ऑर्डर आधी किमतीच्या आणि मग वेळेच्या क्रमाने जुळवाव्या लागतात, आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कवरील एक नोंद गाठण्यास काही मिलिसेकंद लागतात, तर रॅममधील नोंद सुमारे शंभर नॅनोसेकंदांत, म्हणजे हजारो पटींनी लवकर, हाती येते.

मात्र केवळ माहितीची जागा बदलल्याने हा सारा वेग पदरात पडत नाही. डिस्कसाठी बनलेले इंजिन माहिती ठरावीक आकाराच्या पानांत बांधते, त्यांतली काही पाने रॅममधील ‘बफर पूल’ नावाच्या राखीव जागेत आणते आणि प्रत्येक नोंदीसाठी आधी पान क्रमांकावरून ते पान कोठे आहे याचा तक्ता चाळते, पान वापरात असेपर्यंत ते हलू नये अशी खूण करते आणि मगच नोंदीला हात लावते. सगळी पाने रॅममध्ये असली तरी ही सोपस्कारांची साखळी सुटत नाही. २००८ मध्ये हारिझोपोलोस, अबादी, मॅडन आणि स्टोनब्रेकर यांनी ‘शोर’ या प्रणालीवर, सर्व माहिती मेमरीत मावत असताना, याचे मोजमाप केले. तेव्हा प्रोसेसरने पाळलेल्या सूचनांपैकी सुमारे एक तृतीयांश बफर पूलच्या व्यवस्थापनातच खर्ची पडतात आणि एकाच नोंदीवर व्यवहारांची टक्कर टाळणारी कुलपे, बदलांची क्रमवार नोंद म्हणजे लॉग इत्यादींचा भार वजा जाता खऱ्या कामाच्या वाट्याला एक दशांशाहूनही कमी उरतात, असे आढळले. मोठ्या रॅमचे यंत्र घेतले की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष आवर्जून ध्यानात घ्यायला हवा.

मेमरीसाठी मुळापासून रचना करणे म्हणजे काय, हे बेल लॅब्जमधील ‘दाली’ या प्रणालीवरून चांगले समजते. १९९४ मध्ये तिच्यावर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे एक सहलेखक एस. सुदर्शन पुढे पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले आणि डेटाबेसवरील ज्या पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक आहेत, ते भारतात सर्वत्र अभ्यासले जाते. दालीत डेटाबेस थेट वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्याच पत्त्यांच्या कक्षेत बसवलेला असल्याने नोंद पॉइंटरने, म्हणजे मेमरीतील पत्त्याने, एका झेपेत गाठता येते. या सोयीची किंमतही मोजावी लागते: प्रोग्रॅममधील एखादा चुकार पॉइंटर डेटाबेसावरच लिहू शकतो. म्हणून माहितीच्या प्रत्येक तुकड्यासाठी पडताळणीचा संकेतांक राखून असे बिघाड ओळखण्याच्या पद्धतींवर याच गटाने पुढे स्वतंत्र संशोधन केले.

वीज गेली की मेमरीतला डेटाबेस नाहीसा होतो, ही भीती सर्वाधिक पसरलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. रॅममधील माहिती जाते. पण व्यवहार पक्का झाल्याचे सांगण्याआधी त्याचा लॉग टिकाऊ साधनावर लिहिण्याचा नियम या इंजिनांनाही लागू असतो. लॉग सलग लिहिला जात असल्याने आणि अनेक व्यवहारांच्या नोंदी एकत्र उतरवता येत असल्याने हा भार सोसण्याजोगा ठरतो. दालीने डेटाबेसच्या दोन प्रती डिस्कवर ठेवून त्या आळीपाळीने अद्ययावत केल्या, जेणेकरून एक प्रत लिहिताना यंत्र बंद पडले तरी दुसरी शाबूत राहावी.

रॅमच्या कोणत्याही कोपऱ्यात पोहोचण्यास सारखाच वेळ लागतो, हीही समजूत आता टिकत नाही. लेमन आणि कॅरी यांनी १९८६ मध्ये मांडलेला ‘टी-ट्री’ हा निर्देशांक याच गृहीतावर उभा होता. पुढच्या दशकात प्रोसेसर रॅमपेक्षा कितीतरी झपाट्याने वेगवान झाले, प्रोसेसरला लागून असलेल्या कॅशेत माहिती ठरावीक आकाराच्या तुकड्यांनी येऊ लागली आणि १९९९ मध्ये राव व रॉस यांनी दाखवून दिले की टी-ट्रीपेक्षा कॅशेच्या तुकड्यांना साजेशा आकाराच्या गाठी असलेली, मूळ डिस्कसाठी घडलेल्या बी-ट्रीच्या कुळातील रचनाच सरस ठरते. हार्डवेअरविषयीचे गृहीत बदलताच जुनी कल्पना नव्या अर्थाने परत आली, ही या क्षेत्रातील सर्वांत मनोवेधक घटनांपैकी एक मानावी लागेल.

वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी आली की लॉगची गरज संपेल, ही अपेक्षा इंटेलच्या ‘ऑप्टेन’ मेमरीने २०१९ नंतर वाढवली. परंतु प्रोसेसर लिहिलेले बदल आधी कॅशेत धरून ठेवतो आणि ते मेमरीत कोणत्या क्रमाने उतरतील याची हमी नसते. अर्धवट राहणार नाही असे एकसंध लेखनही आठ बाइटांपुरतेच होते, म्हणून क्रम राखण्याची जबाबदारी इंजिनावरच राहिली. २०२२ मध्ये इंटेलने हा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली.

डिस्कचा जमाना सरला, असेही म्हणता येत नाही. आधुनिक एनव्हीएमई एसएसडी साधारण दहा ते शंभर मायक्रोसेकंदांत पान देतात आणि रॅमहून पुष्कळ स्वस्त असतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०१८ मध्ये मांडलेल्या ‘लीनस्टोअर’मध्ये पान रॅममध्ये असेल तर दुव्यात थेट मेमरीचा पत्ता असतो आणि नसेल तर पान क्रमांक असतो, या दोहोंतला फरक दुव्यातील एका बिटवरून कळतो, त्यामुळे तक्ता चाळण्याचा खर्च टळूनही डेटाबेस रॅमपेक्षा मोठा असू शकतो.