जिवाणूंच्या नात्यांचा हिशेब

पटकीचा जिवाणू ओळखण्याची जुनी रीत सोपी होती. रुग्णाच्या विष्ठेतून वाढवलेल्या जिवाणूंमध्ये ठरावीक सीरम मिसळायचे. त्यांच्या गुठळ्या झाल्या तर ‘व्हिब्रिओ कॉलरी’, नाहीतर दुसरेच काहीतरी. तसेच स्वल्पविरामासारखे दिसणारे, तसेच पोहणारे अनेक जिवाणू या एका चाचणीवर परके ठरले.

एकाच लक्षणाला एवढा मान का द्यायचा? ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पीटर स्नीथ यांनी १९५७ मध्ये याला आकड्यांनी उत्तर दिले. जांभळे रंगद्रव्य बनवणाऱ्या क्रोमोबॅक्टेरियम गटाचा अभ्यास करताना त्यांनी प्रत्येक लक्षणाला सारखेच महत्त्व दिले. अमुक साखर आंबवतो का, अमुक तापमानात वाढतो का, अमुक औषधाने मरतो का, अशा प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’. शंभरपैकी ८५ उत्तरे जुळली तर साम्य ८५ टक्के. अशी प्रत्येक जोडी तपासून सर्वाधिक साम्य असलेले जिवाणू आधी एकत्र आणायचे, मग गटाला गट जोडत जायचे. जिवाणूंचे पन्नास वाण घेतले तरी १,२२५ जोड्या होतात. म्हणून संगणक हवाच.

यातही मेख आहे. दोन जिवाणूंना एखादी साखर पचत नाही, हे त्यांचे साम्य मानायचे का? काही सूत्रे मानतात, काही मानत नाहीत. शिवाय चाचण्या मोजक्या किंवा एकाच प्रकारच्या निवडल्या, तर संगणकही फसवे गट पाडतो. चाचण्यांची निवड अभ्यासकालाच करावी लागते.

अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांनी हीच पद्धत पटकीच्या जिवाणूला लावली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८६ वाणांची सुमारे २०० लक्षणे तपासलेली होती. सीरमने गुठळ्या न होणारे, म्हणून परके ठरलेले वाण व्हिब्रिओ कॉलरीच्याच गटात आले. डीएनएच्या तुलनेनेही तेच दाखवले. या पद्धतीचे सर्वांत मोठे यश हेच म्हणायला हवे.

या निष्कर्षाचे महत्त्व भारताला १९९२ मध्ये कळले. चेन्नईत पटकीची साथ आली, पण पटकी ओळखण्याच्या नेहमीच्या ‘ओ-१’ सीरमने तिच्या जिवाणूच्या गुठळ्या होईनात. पुढे ती बंगाल आणि बांगलादेशात पसरली. ‘ओ-१३९’ नावाचा हा जिवाणू निघाला होता पटकीच्या जुन्या, ‘एल टोर’ नावाच्या वाणापासूनच. सीरम ज्याला ओळखते ते बाह्य आवरण तेवढे त्याने बदलले होते.