रेघांवर उतरलेला सूर

सूर आठवणीत राहिला नाही तर नाहीसा होतो, कारण तो लिहिता येत नाही, असे सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर सांगून गेला. आपल्याकडच्या कुठल्याही गुरूला ते पटले असते. युरोपातल्या चर्चचे गाणेही तेव्हा एका कंठातून दुसऱ्या कंठात जात असे. लॅटिन प्रार्थना, सर्वांची मिळून एकच सुरावट. पुढे त्याची वाट आपल्या गाण्यापासून इतकी वेगळी का झाली, हे शोधू लागलो की मी मोझार्ट-बीथोव्हेनपर्यंत पोचण्याआधीच एका गायनशिक्षकापाशी थांबतो.

फ्रँकांचा राजा शार्लमेन याला आपल्या राज्यभर रोमच्या धर्तीची उपासना हवी होती. शब्द पोथीतून पाठवता येत. चाल कशी पाठवणार? नवव्या शतकात शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा दिसू लागल्या. सूर वर जातो की खाली हे त्या सांगत, पण किती, ते सांगत नसत. चाल आधीच येणाऱ्यालाच त्यांचा उपयोग.

आरेत्सोच्या ग्विदोने ही अडचण सोडवली. हाच तो गायनशिक्षक, बेनेडिक्टाइन मठातला साधू. मुलांची वर्षेच्या वर्षे घोकंपट्टीत जातात, याची त्याला मनापासून कळकळ होती. १०२६च्या सुमारास त्याने ‘मायक्रोलोगस’ हा ग्रंथ लिहिला. त्याने रेघा आखल्या, एक लाल, एक पिवळी, आणि प्रत्येक सुराला रेघेवर किंवा दोन रेघांच्या मध्ये पक्की जागा दिली. संत जॉनच्या एका स्तोत्राच्या पहिल्या सहा चरणांतला प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होतो. त्या चरणांच्या आद्याक्षरांतून उत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावे आली. पोप एकोणिसाव्या जॉनने त्याला रोमला बोलावले, त्याची पोथी उघडली आणि कधीही न ऐकलेली ओळ स्वतः गाऊन पाहिली. हे ग्विदोनेच एका पत्रात लिहिले आहे. गुरूच्या तोंडून न ऐकता गाणे! मला हा क्षण फार मोठा वाटतो.

हीच सुरांची नावे पुढे गोव्यातल्या चर्चच्या शाळांत ‘सोल्फेज’ म्हणून घोकली गेली. तिथे नोटेशन वाचायला शिकलेल्यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

युरोपात सूर कागदावर टिकला, तसे दोन वेगळ्या सुरावटी एकाखाली एक मांडून पाहणे सोपे झाले. पॅरिसच्या नोत्र दाममध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीस पेरोतँने चार आवाजांची रचना केली. खालचा गायक जुन्या प्रार्थनेचा एकेक सूर लांबवत राहतो आणि वरचे तिघे त्याभोवती खेळतात. मात्र चौघांनी एकत्र चालायचे तर काळही मोजायला हवा. म्हणून १२८०च्या आसपास कोलोनच्या फ्रँकोने चिन्हाच्या आकारावरूनच सुराची लांबी ठरवून टाकली. आपला राग एका गळ्यात आडवा फुलत जातो. हे गाणे आता उभेही वाढू लागले. पुढचा स्वरमेळ त्यातूनच उगवला.

१५०१मध्ये व्हेनिसला पेत्रुचीने बहुस्वरी रचनांचे पुस्तक छापले. १६०७मध्ये मांतुआत मोंतेव्हेर्दीचा ‘ओर्फेओ’ हा ऑपेरा झाला. त्याच्या छापील प्रतीत कुठे कोणते वाद्य वाजावे, हेही बऱ्याच ठिकाणी नमूद आहे. रचनाकार आणि वाजवणारा यांच्या वाटा हळूहळू वेगळ्या होत होत्या. त्यात एक नुकसानही झाले, आणि ते मला सलते. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन हे तिघेही बसल्या बैठकीला नवे रचून वाजवणारे होते. एकोणिसाव्या शतकात ती कला मैफलीतून ओसरत गेली. ऑर्गनवादकांनी ती जपली.

पण कागदाने परत काय दिले, तेही पाहायला हवे. बाख १७५०मध्ये गेला. त्याच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची हाताने उतरवलेली प्रत फेलिक्स मेंडेल्सझोनला त्याच्या आजीकडून मिळाली. ११ मार्च १८२९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने ती रचना काटछाट करून बर्लिनमध्ये सादर केली. बाखच्या लायप्झिगबाहेर ती पहिल्यांदाच ऐकू आली. गायक दीडशेहून अधिक होते, आणि बाखने ती कशी बसवली होती हे सांगायला कोणीही हयात नव्हते. तिकिटे न मिळालेल्यांची गर्दी एवढी झाली की दहा दिवसांनी, २१ मार्चला, बाखच्या जन्मदिवशी, कार्यक्रम पुन्हा करावा लागला.